रियलटाइम एचडी एडिटिंग सिस्टीम : परत परत येणारे प्रश्न

तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी झाली की लग्नांचा सीझन सुरू होतो आणि त्याच आठवड्यापासून माझा व्हॉट्सअ‍ॅप वाजायला लागतो. टाइमलाइन (क्लिपा ओळीने मांडायची पट्टी) अडकते, रेंडर मारलं (इफेक्ट आधीच तयार करून ठेवले) तरी जर्क येतो, नवीन पीसी घेऊ का. मी गोव्यात फोंड्याला मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो आणि बाजूला एडिटिंगची मशिनं जुळवून देतो, मिनीडीव्ही टेपच्या जमान्यापासून. तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तिथे नंबर दिलाय, तिकडे जा.

१. रियलटाइम म्हणजे नक्की काय हो? पीसी फास्ट असला म्हणजे झालं ना?

नाही. रियलटाइम म्हणजे प्ले दाबलं की रेंडर न करता, एकही फ्रेम न गाळता, पूर्ण स्पीडने चित्र दिसायला पाहिजे. आपलं काम २५ फ्रेमचं, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला येतात ४० मिलिसेकंद. तेवढ्यात फाइल डिस्कवरून उचलायची, कोडेक (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत) उलगडायचा, कलर, टायटल, डिझॉल्व्ह (एक चित्र विरघळून दुसरं येणं) जे काय लावलंय ते लावायचं आणि स्क्रीनवर फेकायचं. ५० फ्रेमची टाइमलाइन केली की वेळ अर्धा, २० मिलिसेकंद. विहिरीपासून घरापर्यंत रांगेत उभं राहून कळश्या पुढे देतात ना तसं आहे हे, मधला एक जण ढिला पडला की पुढचे सगळे हात पसरून उभे. म्हणून प्रोसेसर भारी पण डिस्क मरतुकडी असेल तरी अडकणार, आणि डिस्क भारी पण कोडेक चुकीचा असेल तरी अडकणार. पैसे घालायच्या आधी ढिला कोण ते शोधा (प्रश्न १०).

लाइव्ह मिक्सिंगवाले (कार्यक्रम चालू असतानाच कॅमेरे बदलून दाखवणारे) पण त्यांच्या कामाला रियलटाइमच म्हणतात, ते वेगळं, प्रश्न १४.

२. कॅमेरा ३० फ्रेमला शूट करतो, मग २५ लाच का चिकटून बसायचं? जास्त म्हणजे चांगलंच ना?

आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची, टीव्ही पॅलचा (५० हर्ट्झवाल्या देशांची टीव्हीची पद्धत), म्हणून २५ फ्रेम किंवा ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम). हॉलमधल्या ट्यूबलाइटी आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर ते पकडलं जात नाही, ३० फ्रेमला १/६० ठेवलं की चित्रावर पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर एडिटिंगमध्ये काढायला जीव जातो. दुसरं म्हणजे ३० चं फुटेज २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की सेकंदाला पाच फ्रेम फेकाव्या लागतात, पालखी पुढे सरकताना झटके बसतात ते ह्यामुळे. लोक म्हणतात मशीन अडकतं, मशीन बिचारं बरोबरच चालत असतं. तीन कॅमेरे असतील तर तिघांना आदल्या दिवशी २५ वर लावा. आयफोनमध्ये पॅल फॉरमॅट दाखवायचा पर्याय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे, तो चालू केला की २५ दिसतं.

३. पूर्वी एडिटिंगला ते स्पेशल कार्ड लागायचं, आता लागत नाही का?

एडिटिंगपुरतं लागत नाही. मॅट्रॉक्सचं आरटीएक्स१००, कॅनोपसचं डीव्हीस्टॉर्म, मग एचडी आल्यावर मॅट्रॉक्स आरटीएक्स२, ही कार्डं घेतली जायची कारण तेव्हाच्या प्रोसेसरला एक डिझॉल्व्ह रियलटाइम दाखवणं झेपत नव्हतं. कार्डाची किंमत बाकीच्या पीसीपेक्षा जास्त असायची आणि ज्याच्याकडे ते कार्ड त्याची लॅब मोठी. २०१० ला अ‍ॅडोबीच्या प्रीमियर प्रो ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरचा सीएस५ आला, पूर्ण ६४-बिट, आणि त्यातल्या मर्क्युरी प्लेबॅक इंजिनाने इफेक्टचं काम एनव्हिडियाच्या साध्या ग्राफिक कार्डावर टाकलं, तिथून ती कार्डं हळूहळू कपाटात गेली. आता कार्ड घ्यायचं ते फक्त सिग्नल आत-बाहेर करायला, ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक किंवा आजाचं कोना. ते कोणाला हवं ते प्रश्न १५ मध्ये.

४. फुटेज तर छोटंसं आहे, १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट), डिस्कपण नवीन एसएसडी, तरी टाइमलाइन का अडकते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा लांबण लावतो.

फाइल छोटी आहे म्हणूनच अडकते! कॅमेऱ्याचं एच.२६४ किंवा एच.२६५ म्हणजे लाँग-जीओपी. अर्धा-एक सेकंदाचा गठ्ठा करून त्यात एकच फ्रेम पूर्ण साठवतात, तिला आय-फ्रेम म्हणतात, बाकीच्या फ्रेममध्ये फक्त मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा काय बदललं ते लिहिलेलं असतं. नुसतं सरळ बघत बसायचं असेल तर हे मस्त चालतं, मोबाइलवर पण चालतं. पण एडिटिंग म्हणजे सरळ बघणं नव्हे. तुम्ही गठ्ठ्यातल्या सतराव्या फ्रेमवर कट मारला तर मशीनला आय-फ्रेमवर मागे जाऊन तिथून सतरा फ्रेम उलगडत यावं लागतं, मग कुठे तुमची फ्रेम दिसते. उलटं प्ले केलं तर अजूनच हाल. त्यात तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं की हा उद्योग तीन जागी एकदम.

उलट डीएनएक्सएचडी, प्रोरेस किंवा एडियस ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरचा एचक्यू कोडेक, ह्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. फाइल मोठी होते पण उलगडायला डोकं लागत नाही. थोडक्यात छोटी फाइल प्रोसेसरला मारते आणि मोठी फाइल डिस्कला, तुमच्याकडे दोघांपैकी काय जास्त आहे ते बघून ठरवायचं.

मागे साखळीहून एक बाब (गृहस्थ) आला होता, मशीन बदलूया म्हणून पैसे घेऊनच आला होता. मी त्याचंच फुटेज त्याच्याच मशीनवर रात्री ट्रान्सकोड (असल्या सोप्या कोडेकात बदलणं) लावून ठेवलं, सकाळी चहा पिताना त्याने टाइमलाइन पुढे-मागे घासून बघितली आणि पैसे खिशात घालून गेला. माझं नुकसान, पण चालतं.

५. मग प्रॉक्सी करू की सगळंच ट्रान्सकोड करू?

प्रॉक्सी म्हणजे फक्त कापाकापीसाठी केलेली हलकी नक्कल, एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतं. आता हिशेब घाला. १०८० चं २५ फ्रेमला डीएनएक्सएचडी १२० म्हणजे १२० मेगाबिट, सेकंदाला १५ एमबी, तासाला ५४ जीबी. प्रोरेस ४२२ पण साधारण तेवढंच, १२२ मेगाबिट. लग्नाचं तीन कॅमेऱ्यांचं सहा-सहा तास फुटेज म्हणजे १८ तास, ते सगळं बदललं तर ९७२ जीबी, एक टीबीची डिस्क एका लग्नात गार. प्रॉक्सीला डीएनएक्सएचडी ३६ घेतलं तर तासाला १६ जीबीच्या आसपास, १८ तासांचे तीनशे जीबी सुद्धा होत नाहीत.

म्हणून माझा नियम: लांबलचक ट्रॅडिशनल व्हिडिओ आणि मल्टिकॅम असेल तर प्रॉक्सी. चार-पाच मिनिटांचं हायलाइट किंवा जाहिरात असेल, कलरवर वेळ जाणार असेल, तर लागणाऱ्या तेवढ्याच क्लिपा निवडून त्या ट्रान्सकोड. आणि प्रॉक्सी केल्यावर ओरिजिनलच्या फोल्डरचं नाव बदलू नका, मग एक्सपोर्टच्या वेळी मीडिया ऑफलाइन म्हणून लाल पाटी येते आणि फोन मला.

६. माझा पीसी एकदम नवीन, ग्राफिक कार्ड पण चांगलं, बाकी सगळं पळतं पण ह्या एकाच कॅमेऱ्याचं फुटेज अडकतं. काय बिघडलंय?

कॅमेरा १०-बिट ४:२:२ ला (रंगाची जास्त माहिती साठवायची पद्धत) लावलाय का बघा, दहातले आठ वेळा तेच निघतं. ग्राफिक कार्डात एच.२६४-२६५ उलगडायची वेगळी चिप असते, पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांना ४:२:२ येतच नाही, ४:२:० (रंगाची माहिती कमी) येतं. म्हणजे महागाचं कार्ड असूनही ते फुटेज प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरात जे आतलं ग्राफिक असतं त्याला एच.२६५ चं १०-बिट ४:२:२ येतं, म्हणून शेवटी एफ असलेला इंटेल प्रोसेसर दोन पैसे स्वस्त मिळतो तो एडिटिंगला घेऊ नका, त्यात ते ग्राफिक बंद असतं. आहे तेच मशीन ठेवायचं असेल तर प्रॉक्सी, प्रश्न ५.

७. डिस्क किती फास्ट पाहिजे?

लोकांना वाटतं तेवढी नाही. साधी फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला १५० ते २०० एमबी देते, सॅटा एसएसडी ५०० च्या वर, एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कितीतरी पट. आणि डीएनएक्सएचडी १२० ला लागतात १५. अनकॉम्प्रेस्ड ८-बिट एचडीला सुद्धा १०४, पण ते आता कोण करतं. मग हार्डडिस्कवर चार कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम का अडकतं, ६० एमबीच तर होतात? कारण ती सुई. चार फायली डिस्कवर चार ठिकाणी असतात, सुई ह्या टोकाकडून त्या टोकाकडे उड्या मारते आणि त्या उड्यांतच वेळ जातो. एसएसडीत सुई नाही, म्हणून तिथे आकडा कमी असला तरी चालतं. विंडोज एका एसएसडीवर, चालू प्रोजेक्टचं फुटेज आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली) दुसऱ्या एसएसडीवर, झालेली कामं हार्डडिस्कवर, बास.

दोन फसवणुका सांगून ठेवतो. एक, स्वस्तातल्या एसएसडीला सुरुवातीला थोडी जागा फास्ट असते, तेवढी भरली की स्पीड धाडकन पडतो. २०० जीबी कॉपी लावा, पहिले चाळीस-पन्नास जीबी भुर्र जातात आणि मग हार्डडिस्कपेक्षा हळू, डिस्क खराब नाही, तिची जातच ती. दोन, यूएसबीचं पोर्ट. डिचोलीच्या एका स्टुडिओवाल्याने दोन दिवस विंडोज परत टाक, ड्रायव्हर टाक केलं, मी गेलो तर एक्स्टर्नल डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या पोर्टात लावलेली. ते यूएसबी २, सेकंदाला तीस-पस्तीस एमबी. मागच्या निळ्या पोर्टात लावली, पाच मिनिटांचं काम, त्याने भाजी-पाव खिलवला तेवढीच कमाई.

८. ग्राफिक कार्डावर पैसे घालू की रॅमवर?

कट-टू-कट आणि साधी टायटलं करणाऱ्याला महाग ग्राफिक कार्डाचा काडीचा फायदा नाही, चांगला प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम घ्या आणि गप्प बसा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर करत असाल, नॉइज काढत असाल तर मात्र ग्राफिक कार्डच राजा, आणि त्याची स्वतःची मेमरी बघा, नाव बघू नका. रॅम १६ जीबी असेल आणि सोबत क्रोमचे वीस टॅब उघडे असतील तर तो प्रश्न रॅमचा नाही.

९. एडियस, प्रीमियर, रिझॉल्व्ह, अ‍ॅविड... नवीन शिकणाऱ्याने काय घ्यावं?

हे मासळी कुठली चांगली विचारल्यासारखं झालं, प्रत्येकाची आई वेगळी आमटी करते. माझ्याकडे येणाऱ्या लग्नाच्या मिक्सिंगवाल्यांत अजून एडियस जास्त, आणि त्याला कारण आहे, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं, वेगवेगळ्या साइझचं फुटेज एका टाइमलाइनवर रेंडर न मारता पळवण्यात एडियस पहिल्यापासून वस्ताद. मूळ कॅनोपसचं, नंतर ग्रास व्हॅलीकडे गेलं. अ‍ॅविड मीडिया कंपोझर १९८९ चं म्हातारं, अजून सिनेमावाल्यांचं लाडकं, चार-पाच एडिटर एकाच फुटेजवर एकदम बसणार असतील तर त्याच्यासारखं दुसरं नाही. फायनल कट फक्त अ‍ॅपलच्या मॅक-आयपॅडवर. एकटे असाल, खिशात पैसे नसतील तर रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन टाका, अल्ट्रा एचडीपर्यंत आणि ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देतं, शिकायला ह्याहून जास्त काय हवंय.

फक्त रिझॉल्व्हमध्ये एक काळजी घ्या, प्रोजेक्टचा फ्रेम रेट पहिली क्लिप टाकायच्या आधी २५ लावा, नंतर बदलता येत नाही. २४ वर राहिला आणि कळलं तेव्हा अर्धं लग्न कापून झालेलं, असं माझंच झालंय, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू.

१०. डिस्क, प्रोसेसर की ग्राफिक कार्ड, नक्की कोण अडकवतंय ते कळणार कसं?

आधी मशीन फ्रेम गाळतंय हे खरंच होतंय का ते बघा, डोळ्यावर विश्वास नको. प्रीमियरमध्ये प्रोग्राम मॉनिटरच्या पान्याच्या चिन्हात ड्रॉप्ड फ्रेम इंडिकेटर चालू करा, फ्रेम गळली की हिरवा दिवा पिवळा होतो. रिझॉल्व्हमध्ये व्ह्यूअरच्या वर फ्रेमचा आकडा असतोच. मग टास्क मॅनेजर उघडा आणि अडकणारा तुकडा प्ले करा. प्रोसेसर ९०-१०० वर चिकटलाय तर कोडेक (प्रश्न ४ आणि ६). डिस्क १०० वर आणि बाकी सगळे निवांत तर प्रश्न ७. इफेक्ट काढले की पळतं, लावले की अडकतं तर ग्राफिक कार्ड. आणि कोणीच शंभरावर नाही तरी झटके, तर नव्वद टक्के फ्रेम रेटची भेसळ, प्रश्न २ परत वाचा.

टाइमलाइनवरच्या रेघांबद्दल पण विचारतात म्हणून: प्रीमियरमध्ये पिवळी म्हणजे रेंडर नाही पण बहुतेक चालेल, लाल म्हणजे बहुतेक अडकेल, हिरवी म्हणजे रेंडर झालेलं. लाल दिसली की लगेच रेंडर मारायचं असं नाही, भारी मशीनवर लाल पण पळते.

आणि सुरुवातीला वीस मिनिटं नीट चालून मग अडकायला लागलं तर ती गरमी. लॅपटॉप तापला की स्वतःहून स्पीड खाली घेतो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत मशीन ठेवून माझ्याकडे बोट दाखवू नका.

११. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिपा टाकल्या की ओठ आणि आवाज जुळत नाही, असं का?

मोबाइल फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला की २९ चे २४ करतो, मनात आलं की परत वाढवतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ठराविक फ्रेम लागतात, ते अंदाज लावतं आणि क्लिप लांब असेल तसा आवाज सरकत जातो. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर, दोन्ही फुकट, त्यात कॉन्स्टंट फ्रेम रेट २५ करून मग टाइमलाइनवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप असेल तर क्वालिटीची आशा सोडा, ओरिजिनल पेनड्राइव्हमध्ये मागा.

१२. आमचं तीन तासांचं नाटक, मोबाइल नाही, चांगले कॅमेरे आणि वेगळा रेकॉर्डर. सुरुवातीला चित्र आणि आवाज जुळवायची टाळी जुळवली तरी शेवटच्या अंकात आवाज सरकतो!

ही बरोबर प्रश्न ११ च्या उलटी केस, इथे कोणाचीच चूक नाही. कॅमेऱ्यातलं घड्याळ आणि रेकॉर्डरमधलं घड्याळ वेगळं, दोन मनगटी घड्याळं वर्षभराने मिनिटभर पुढे-मागे होतात तसंच. दहा लाखात १० चा फरक धरा, तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, फरक झाला ०.१०८ सेकंद, जवळजवळ तीन फ्रेम. पहिल्या अंकात कळत नाही, शेवटी मुख्य पात्र मोठ्याने रडतं तेव्हा नेमकं दिसतं. उपाय म्हणजे प्रत्येक अंकाला रेकॉर्डिंग थांबवून नव्याने चालू करा आणि नवीन टाळी वाजवा. जत्रेतल्या नाटकाला टाळी वाजवायला स्टेजवर कोण जाणार म्हणाल तर पडदा उघडतानाची घंटा चालते, मी तीच वापरतो. थांबवायचं राहून गेलंच तर शेवट जुळेपर्यंत आवाजाचा स्पीड ०.००१ टक्क्याच्या हिशेबात खेचा, कानाला कळत नाही.

१३. कार्डवरून कॉपी केलं, पण लांब क्लिपच्या मध्ये टक्क करून आवाज तुटतो.

बरेच कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे २ किंवा ४ जीबीचे तुकडे करतात. तुम्ही आतल्या फोल्डरमधून नुसत्या फायली ओढून घेतल्या तर ते तुकडे कसे जोडायचे ती माहिती मागेच राहते. कार्ड उघडून सगळंच्या सगळं, फोल्डरसकट कॉपी करा आणि सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून घ्या.

१४. लग्नात एलईडी वॉलवर लाइव्ह द्यायचंय आणि रिसेप्शनलाच सकाळची फिल्म दाखवायचीय. एकाच सिस्टीमवर होईल?

होईल, पण करू नका. लाइव्ह मिक्सिंगला स्विचर (कॅमेरे बदलायचं यंत्र) वेगळा ठेवा, एटेम मिनी म्हणा किंवा मोठा एसडीआयवाला (एसडीआय म्हणजे स्टुडिओतली व्हिडिओ केबल), त्यात रेंडर बिंडर काही नाही, सिग्नल येतो आणि जातो. एचडी-एसडीआयमध्ये १.४८५ गिगाबिटचा सिग्नल एका केबलवरून जातो, चांगली केबल असेल तर साठ-सत्तर मीटर आरामात, आणि तिच्या टोकाचं बीएनसी फिरवून लॉक होतं. एचडीएमआय दहा-पंधरा मीटरला कुरकुरायला लागते आणि कोणाचा तरी पाय लागला की निघते, चर्चमध्ये नुप्शल (लग्नाचा विधी) चालू असताना पाद्रीसमोर रांगत जाऊन ती लावायची वेळ माझ्यावर आलीय, त्यानंतर मी लांबच्या कॅमेऱ्याला एचडीएमआय लावत नाही. शिगम्याच्या रोमटामेळला (मिरवणुकीला) ढोलवाले केबल तुडवत जातात, तिथे तर विषयच नको.

वॉलवर चित्र दोन-चार फ्रेम उशिरा येणारच, कॅमेरा, स्विचर आणि वॉलचा प्रोसेसर प्रत्येक जण थोडा वेळ खातो. आवाज स्पीकरमधून थेट, म्हणून बँडवाल्याचे ओठ वॉलवर मागे वाटतात. बिघाड नाही तो.

संध्याकाळच्या फिल्मसाठी दुसरा माणूस, दुसरा लॅपटॉप. त्या दिवशी प्रॉक्सी करायला वेळ नसतो म्हणून कॅमेरे आधीच ८-बिट ४:२:० वर लावा, गाणं आदल्या रात्री टाइमलाइनवर टाकून बीट मार्क करून ठेवा, आणि ८० टक्के मुहूर्तापर्यंतचंच फुटेज वापरा. जेवणं सुरू झाली की एक्सपोर्ट लागलेलं पाहिजे.

१५. माझ्या मॉनिटरवर छान दिसतं, टीव्हीवर लावलं की काळं एकदम गच्च. आणि हालचालीत कंगव्यासारख्या रेघा का दिसतात?

दोन वेगळ्या गोष्टी. काळं गच्च होणं म्हणजे लेव्हलचा घोळ. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटर ० ते २५५ समजतो. ग्राफिक कार्ड फुल रेंज पाठवतं आणि टीव्ही लिमिटेड धरून बसतो, की १६ च्या खालचं सगळं काळोखात. दोन्हीकडे एकच सेटिंग करा. चॅनलचं किंवा सिनेमाचं काम असेल तर मग डेकलिंक किंवा अल्ट्रास्टुडिओसारखं आउटपुट घ्या, ते विंडोजच्या कलर सेटिंगला न विचारता टाइमलाइनचा सिग्नल जसाच्या तसा मॉनिटरला देतं.

कंगवा म्हणजे इंटरलेस, एका फ्रेममध्ये वेगवेगळ्या क्षणांचे दोन अर्धे. कॉम्प्युटरचा मॉनिटर दोन्ही एकदम दाखवतो म्हणून रेघा, टीव्हीवर त्या दिसत नाहीत. यूट्यूबला टाकायचं असेल तर डीइंटरलेस करा, चॅनलला द्यायचं असेल तर हात लावू नका.

१६. आई-बाबांच्या लग्नाची मिनीडीव्ही टेप नवीन एचडी व्हिडिओत टाकली तर थरथरते का?

फील्डचा क्रम. पॅल डीव्हीत खालचं फील्ड पहिलं, एचडीत वरचं पहिलं. सॉफ्टवेअरने डीव्हीला वरचं धरलं की हात पुढे-मागे-पुढे असे हलतात. क्लिपच्या इंटरप्रेट सेटिंगमध्ये लोअर फील्ड फर्स्ट करा, आणि पिक्सल रेशो डीव्ही पॅल ठेवा नाहीतर नवरी आहे त्याहून जाड किंवा बारीक दिसते आणि भांडणं माझ्या नावावर. टेप एचडीव्ही असेल तर हे लागू नाही, तिथे वरचंच पहिलं, साइझ १४४० बाय १०८०. टेप घरी कशी उतरवायची ते प्रश्न २० मध्ये.

१७. चॅनलला आणि थिएटरला कसली फाइल द्यायची?

चॅनलला आधी विचारा, प्रत्येकाचा कागद वेगळा. जास्त करून एमएक्सएफ फाइलमध्ये एक्सडीकॅम एचडी४२२ कोडेक, ५० मेगाबिट, १०८०आय५० (इंटरलेस, ५० फील्ड) मागतात, तासाला साडेबावीस जीबी. तुमचं २५ प्रोग्रेसिव्ह असेल तरी घाबरू नका, प्रत्येक फ्रेम दोन फील्डात विभागून जाते, चित्र तेच राहतं. आवाज ईबीयू आर१२८ प्रमाणे उणे २३ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) मागितला असेल तर यूट्यूबसाठी केलेला मिक्स तसाच पाठवू नका, तो मोठा असतो आणि फाइल परत येते.

थिएटरला डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज). इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००४ पासून गोव्यात, त्यामुळे नोव्हेंबर आला की आमच्याकडची पोरं शॉर्टफिल्म घेऊन धावत येतात आणि सगळ्यांचं २५ वर. डीसीपीचा सगळीकडे चालणारा रेट २४. २५ चा डीसीपी बनतो पण प्रत्येक प्रोजेक्टरवर चालेलच असं नाही, विचारून घ्या, नाहीतर फिल्म ४ टक्के हळू करून २४ वर आणा आणि आवाजाचा पिच सांभाळा. फिल्मच करायची हे आधीच ठरलेलं असेल तर शूटच २४ ला करा, तेवढ्यापुरता प्रश्न २ विसरा, फक्त शटर १/५० ठेवायला विसरू नका.

१८. पावसाळ्यात लाइट येते-जाते, दमट हवा, मशीनला काय काय करायचं?

इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणणारे दरवर्षी भेटतात. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला क्षणभर वेळ लागतो, पंख्याला कळत नाही, एडिटिंगच्या पीसीला कळतं, आणि प्रोजेक्ट सेव्ह होत असताना गेला तर ती फाइल गेलीच समजा. यूपीएस घेताना व्हीए बघून फसू नका, ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, ग्राफिक कार्ड एक्सपोर्टला लागलं की तो टी टी करून बंद. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर, आणि दुसऱ्या डिस्कवर.

विजेचं सांगतो. परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळचा गडगडाट सुरू झाला होता, मी यूपीएस आहे म्हणून निवांत. वीज यूपीएसमधून आलीच नाही, केबल टीव्हीच्या वायरीवरून आली, सेटटॉप बॉक्स, तिथून एचडीएमआय, तिथून कॅप्चर कार्ड. पीसी चालू, कार्ड मेलं, पोर्टाच्या तोंडाला काळा डाग. तेव्हापासून गडगडलं की बाहेरून येणारी प्रत्येक वायर काढतो, नेटचीसुद्धा. आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनला मोजायला लावा, तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही.

दमटपणाचं म्हणाल तर मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या गरमीने ओल धरत नाही. जून ते सप्टेंबर काम नाही म्हणून बंद करून ठेवलेली मशिनंच चतुर्थीनंतर चालू होत नाहीत. किनाऱ्यावरच्या लोकांना खारी हवा वेगळी, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, अर्धी मशिनं तेवढ्यानेच उठतात. लेन्स आणि टेपा सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

१९. दोन डिस्क रेड करून (एकत्र जोडून) ठेवल्यात, आता बॅकअप नको ना?

रेड-० असेल (फाइल दोन डिस्कांत वाटून साठते) तर बॅकअप दुप्पट हवा, एक डिस्क गेली की दोन्हीवरचं जातं. रेड-१ किंवा ५ मध्ये डिस्क मेली तर काम चालू राहतं एवढंच, तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तर तो दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने डिलीट होतो. तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. पार्टीने पेनड्राइव्ह नेऊन बघितल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

२०. नवीन मशीन घेतलं, जुना पीसी भंगारात देऊ?

त्याला फायरवायर पोर्ट आहे का बघा आधी. असेल तर देऊ नका. मिनीडीव्ही आणि एचडीव्ही टेप उतरवायला तेच पोर्ट लागतं आणि नवीन मदरबोर्डवर ते येत नाही. काम अगदी हलकं, चित्राचे २५ मेगाबिट, आवाज वगैरे धरून तासाला १३ जीबी, जुना ड्युअल कोअर सुद्धा झोपेत करतो, फक्त ६० मिनिटांच्या टेपला ६० मिनिटंच लागणार, ती घाई करता येत नाही. टेप लावायच्या आधी एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे आणा म्हणजे चिकटलेली सुटते, आणि पांढरी बुरशी दिसली तर कॅमेऱ्यात घालूच नका, हेड जाईल. माझा तसला एक पीसी अजून टेबलाखाली आहे, दिवाळीनंतर कोणाची ना कोणाची टेप येतेच.